ऐंशी मीटर त्रिज्या

माझं लिहिलेलं इंदूरमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत हजारो माणसं वाचतात आणि माझं नाव त्यातल्या एकालाही ठाऊक नाही. पाण्याच्या पंपासोबत खोक्यात जी घडी घातलेली पातळ पुस्तिका येते, फवारणी यंत्राच्या टाकीवर जो पिवळा कागद चिकटवलेला असतो, कारखान्याच्या भिंतीवर 'सावधान'च्या खाली ज्या सात-आठ ओळी असतात, त्या इंग्रजीतून हिंदीत आणण्याचं काम मी एकतीस वर्षं करते आहे. त्याआधी आठ वर्षं शाळेत गणित शिकवलं. आजोबा होळकरांच्या काळात कारकून म्हणून इथे आले. घरी मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी माळवी, असं आमचं तीन पिढ्या चाललं आहे. त्यामुळे भाषांतराच्या कामात आपण कधी चुकणार नाही, असा माझा बराच काळ समज होता.

या धंद्याबद्दल बाहेरच्यांना वाटतं, शब्दकोश घ्यावा आणि शब्दाला शब्द लावावा. तसं नसतं. साहित्याच्या भाषांतरात शब्द चुकला तर टीकाकार रागावतो. आमच्याकडे शब्द चुकला तर कोणाचा तरी हात जातो. फवारणी यंत्राच्या एका पुस्तिकेत लिहिलं होतं की नळीचं तोंड तुंबलं तर ते कधीही तोंडाने फुंकून साफ करू नये. आधीच्या हिंदी भाषांतरात तो नकार छपाईत गळला होता. उरलं होतं, 'फूँक मारकर साफ़ करें'. मी ते पाहिलं तेव्हा पुस्तिका छापून दुकानांत गेल्या होत्या. चार दिवस आम्ही फोन करून गठ्ठे परत मागवत होतो. त्या नळीत कीटकनाशक असतं. ते चार दिवस मला जेवण गेलं नाही, आणि तेव्हापासून मी नकाराच्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारायला लागले.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट नकाराची नाही. वर्तुळाची आहे.

मल्हारगंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोइज़भाईंचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. एकदा त्यांनी नवीन मशीन घेतलं आणि त्याची पुस्तिका माझ्याकडे आणून टाकली. मी जिथे जिथे रेडियस होता तिथे 'त्रिज्या' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते चष्मा कपाळावर चढवून दारात उभे. म्हणाले, "मॅडमजी, व्यास समझता हूँ, परिधि समझता हूँ। त्रि माने तीन। इसमें तीन क्या है?"

मी आठ वर्षं शाळेत हा शब्द फळ्यावर लिहिला होता. पोरांकडून पाठ करून घेतला होता. तीन काय, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मी मोइज़भाईंना सांगितलं की विचारून सांगते.

विचारलं ते बाळशास्त्रींना. बडा गणपतीच्या देवळामागे राहायचे, पंचांगाचं गणित स्वतः करायचे, संगणक आल्यावरही हाताने पडताळायचे. त्यांनी पाटी घेतली, वर्तुळ काढलं, घड्याळासारख्या बारा खुणा केल्या आणि मधोमध एक आडवी रेघ मारली. म्हणाले, बारा खुणा म्हणजे बारा राशी. मग शिवणाचा दोरा घेतला. आडव्या रेघेच्या टोकापासून वर्तुळावर एक राशी वर चढून तिथून दोरा सरळ खाली रेघेवर सोडला. तो आखूड होता. दोन राशी चढून सोडला, तो लांब झाला. तीन राशी चढले, म्हणजे वर्तुळाच्या अगदी माथ्यावर आले, आणि दोरा सोडला तो थेट केंद्रावर उतरला.

मग त्यांनी सांगितलं की धनुष्याच्या दोरीला ज्या म्हणतात. वर्तुळाचा तुकडा म्हणजे धनुष्य, त्याला बांधलेली दोरी ती ज्या, आणि ज्योतिषाच्या गणितात त्या दोरीचा अर्धा भाग कामाला येतो, त्यालाही पुढे ज्याच म्हणू लागले. तीन राशींची ज्या ही सगळ्यांत मोठी. ती बरोबर केंद्रापासून वर्तुळापर्यंतच्या अंतराएवढी. म्हणून त्रिराशीची ज्या, म्हणून त्रिज्या. हीच 'ज्या' किंवा 'जीवा' अरबीत गेली तेव्हा तिथल्या लिपीत तिचा उच्चार हरवला, लोकांनी ती कपड्याच्या घडीला असलेल्या शब्दासारखी वाचली, पुढच्या भाषांतरकाराने लॅटिनमध्ये त्या घडीचंच भाषांतर केलं आणि तिथून इंग्रजीतला साइन आला. शास्त्रीबुवा हसत म्हणाले, "तुमच्याच धंद्यातल्या माणसाची चूक आहे ही. हजार वर्षं झाली, अजून चालतीय."

निघताना मी 'परिधी'बद्दलही विचारलं. ते म्हणाले, परिधी म्हणजे भोवती घातलेलं. यज्ञात अग्नीच्या भोवती ज्या काटक्या ठेवतात त्यांना परिधी म्हणतात. कुंपणच ते.

मी हे सगळं मोइज़भाईंना सांगितलं. त्यांनी मशीन बंद करून ऐकलं आणि चहा मागवला. माझ्या कामात मला मिळालेला तो सगळ्यांत मोठा मान होता असं मी समजते. हे मुद्दाम एवढं सविस्तर लिहिलं, कारण पुढे जे झालं ते मला माहिती नव्हती म्हणून झालं, असं कोणाला वाटू नये.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. देपालपूरच्या अलीकडे एका गावाच्या कडेला बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीचं जुनं धुराडं होतं. विटांचं, सव्वाशे फूट उंच, म्हणजे अडतीस मीटर. पावसाळ्यात त्याला वरपासून तडा गेला. ते सुरुंग लावून पाडायचं ठरलं आणि इंदूरच्या एका एजन्सीला ते काम मिळालं. सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत तयार झाल्या होत्या, त्या हिंदीत करायला माझ्याकडे आल्या. पानभर मजकूर. चौथी सूचना होती की धुराड्यापासून ऐंशी मीटर त्रिज्येच्या आत कोणीही माणूस किंवा जनावर राहणार नाही, घरं आदल्या दिवशी यादी करून रिकामी करावीत. सातवी सूचना अशी की काम सुरू झाल्यावर जागेवरचे सगळे मोबाइल बंद ठेवावेत, कारण सुरुंगाच्या विजेच्या तारांजवळ ते चालू असणं धोक्याचं.

मी '80 मीटर की त्रिज्या' लिहून पाठवलं. संध्याकाळी एजन्सीच्या इंजिनियरसाहेबांचा फोन आला. तरुण, हुशार, बोलायला गोड माणूस. म्हणाले की मॅडम, सगळं छान आहे, फक्त हे त्रिज्या जरा किताबी वाटतं, मजूर लोक वाचणार आहेत, अख़बारवाली हिंदी करा ना. पेपरमध्ये लिहितात तसं, इतक्या मीटरच्या परिधीमध्ये.

ते खोटं बोलत नव्हते. पेपरमध्ये तसंच लिहितात. पाच किलोमीटरच्या परिधीत नाकाबंदी, दहा किलोमीटरच्या परिधीत शाळा बंद. मराठी पेपरवालेही परिघ असाच वापरतात. वाचणाऱ्याला कळतं की म्हणायचंय काय, कोणी फूटपट्टी घेऊन बसत नाही. मला क्षणभर खटकलं. मी म्हणाले की अर्थ बदलतो. ते म्हणाले, "मॅडम, समझ तो सब जाते हैं।" माझी दुसरी दोन कामं पडली होती, घरात पाहुणे होते. मी शब्द बदलला आणि खाली सही करून पाठवून दिलं. त्रिज्या खोडून परिधि केलं ते माझ्या हाताने.

ज्या दिवशी धुराडं पाडायचं होतं त्या सकाळी मी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. साडेअकराची वेळ ठरली होती हे मला माहीत होतं, पण माझं काम संपलं होतं. साडेनऊच्या सुमारास फोन उघडला तर तिथल्या सुपरवायझरने, रामेश्वरने, पंधरा मिनिटांपूर्वी फोटो पाठवला होता. त्याच्याशी माझं आधी एकदा बोलणं झालं होतं, बोर्ड किती मोठा रंगवायचा हे विचारायला त्याने फोन केला होता. फोटोखाली लिहिलं होतं, 'मैडमजी, आपका बोर्ड लग गया।'

बोर्ड सुरेख रंगवला होता. त्याच्या मागे पिवळी दोरी ताणून बांधलेली. आणि दोरीच्या लगेच मागे धुराड्याचा बुंधा होता, इतका जवळ की विटा मोजता आल्या असत्या. बोर्डाच्या अलीकडे एका घराचा ओटा, ओट्यावर खाट, खाटेवर मिरच्या वाळत घातलेल्या आणि दोन मुली बसलेल्या.

मी फोटो मोठा करून पाहिला. मग लहान केला. हातातला पाण्याचा मग खाली ठेवला. मनात हिशोब आपोआप झाला, शिक्षिकेच्या सवयीने. परिधी ऐंशी मीटर असेल तर त्रिज्या किती? भागिले दोन पाय. जेमतेम तेरा मीटर. अडतीस मीटर उंचीचं धुराडं, आणि दोरी तेरा मीटरवर.

रामेश्वरला फोन लावला. बंद. इंजिनियरसाहेबांना लावला. बंद. तिसरा नंबर होता तोही बंद. सातवी सूचना सगळ्यांनी पाळली होती, कारण ती मी अगदी स्पष्ट लिहिली होती.

एजन्सीच्या इंदूरच्या ऑफिसात एक मुलगी होती, ती म्हणाली की सगळे साइटवर आहेत, निरोप लिहून ठेवते. पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन केला. त्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. परवानगी आहे का विचारलं, मी आहे म्हणाले. दोरी बांधली आहे का, मी हो म्हणाले. "तो मैडम, अस्सी मीटर की परिधि लिखी है, अस्सी मीटर की परिधि बाँधी है। दिक़्क़त क्या है?" मी सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला की ठाण्याला कळवतो. त्याने कळवलंही असेल.

माझे यजमान प्रभाकर आत पेपर वाचत होते. रेल्वेत स्टेशनमास्तर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, चपला घातल्या आणि गाडीची किल्ली घेतली.

चाळीस किलोमीटरचा रस्ता. माणूस जन्मभर सिग्नल पाळत आलेला, त्यामुळे गाडी पन्नासच्या वर नेत नाही. बडा गणपतीच्या चौकातून बाहेर पडायलाच वीस मिनिटं गेली. शहराबाहेर गांधीनगरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, मग हातोदला बटाट्याच्या गोण्यांची ट्रॉली रस्त्यात आडवी होऊन अडकलेली. लोक उतरून ढकलत होते, कोणी कोणाला शिव्या घालत होतं. मी सारखे फोन लावत होते आणि तीच बाई तेच सांगत होती की नंबर बंद आहे. मी त्यांना म्हणाले की अहो, जरा जोरात घ्या. ते म्हणाले, "घेतोय. तू फोन खाली ठेव आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरव. दुसरं बोलायला वेळ मिळणार नाही."

ते खरं होतं. मी ठरवू लागले आणि माझ्या लक्षात आलं की मला एकही वाक्य सुचत नाहीये. त्रिज्या म्हणायचं नाही, परिधी म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं?

सव्वाअकराला पोचलो. गावाच्या तोंडाशी लाल झेंडी घेऊन एक माणूस उभा होता, त्याने गाडी अडवली. पहिला भोंगा होऊन गेला होता. दुसऱ्या भोंग्यानंतर कोणी हलायचं नाही आणि तिसऱ्याला स्फोट, हेही मीच हिंदीत केलं होतं. आम्ही गाडी तिथेच सोडली आणि चालत निघालो. मी त्रेसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी बाई, पण त्या दिवशी मी धावले असं प्रभाकर सांगतात.

गल्लीत जत्रेसारखी माणसं होती. धुराडं पडताना पाहायला आजूबाजूच्या वस्तीतले लोकही आले होते. ओट्यांवर, पत्र्यांवर, बैलगाडीवर. दोरीला कोणी हात लावत नव्हतं, सगळे शिस्तीत दोरीच्या बाहेर होते. कडेवर मुलं होती. त्यांच्या डोक्यांवर ते धुराडं उभं होतं आणि त्याचा तडा खालूनही दिसत होता.

रामेश्वर दोरीपाशी होता. चाळिशीचा, बारीक, खाकी शर्ट. मी त्याचा हात धरून सांगितलं की दोरी चुकीची आहे, लोकांना मागे घे. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं आणि खिशातून माझाच कागद काढला.

"मैडमजी, आपने लिखा है परिधि। मैं आठवीं तक ही पढ़ा हूँ, पर परिधि मुझे आती है। मेरे बाप गाड़ी के पहिये बनाते थे। परिधि माने पहिये पे जो लोहे का पट्टा चढ़ता है, उसकी नाप। अस्सी मीटर रस्सी है, नाप के बाँधी है।"

मग त्याने आवाज खाली आणून सांगितलं की त्यालाही दोरी जवळ वाटली होती, त्याने आदल्या संध्याकाळी साहेबांना फोनही केला होता, आणि साहेब म्हणाले होते की कागदावर लिहिलंय तेवढं कर.

त्याचं बरोबर होतं. त्या सगळ्या जागेत तो शब्द ज्याला खरोखर कळला होता असा तो एकटा माणूस होता. मी म्हणाले, "मैंने ग़लत लिखा। पट्टा नहीं। पहिये के बीच से पट्टे तक जो लकड़ी जाती है, वो। वो अस्सी मीटर।"

"आरा?" तो म्हणाला. "आरा अस्सी मीटर का?"

त्याने मान वळवून गल्लीकडे पाहिलं. त्याचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने कोपऱ्यातली लाल झेंडी उचलली, दोरीच्या खालून वाकून आत शिरला आणि धुराड्याच्या बुंध्याजवळून सरळ धावत पलीकडच्या फॅक्टरीच्या गोदामाकडे गेला. इंजिनियर गोदामाच्या भिंतीमागे स्फोटाची पेटी घेऊन बसले होते, त्यांना इकडची गल्ली दिसतच नव्हती. सकाळी दोरी पाहून त्यांना वाटलं होतं की ही आतली दोरी आहे, बाहेरचा बंदोबस्त घरांच्या पलीकडे असेल.

तेवढ्यात दुसरा भोंगा झाला.

मला वाटलं आता संपलं. प्रभाकर गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि फलाटावर लोकांना रुळापासून मागे सारताना जो आवाज लावत त्या आवाजात म्हणाले, "पीछे। सब पीछे। बच्चे पहले।" रागावून नाही. पण असं, की माणूस ऐकतोच. ओट्यावरच्या मुली उठल्या. मग त्यांची आई. मग गल्ली हळूहळू मागे सरकू लागली. मी म्हाताऱ्या माणसांचे हात धरून चालवत होते आणि कान तिसऱ्या भोंग्याकडे लागले होते. तो येईना. एक मिनिट झालं, दोन झाली. मग गोदामाच्या कडेने लाल झेंडी हलताना दिसली. रामेश्वर वेळेत पोचला होता.

इंजिनियरसाहेब बाहेर आले. त्यांनी टेप मागवला आणि धुराड्यापासून चारी बाजूंना ऐंशी मीटर मोजायला लावलं. त्या वर्तुळात एकवीस घरं निघाली. सुरुंग भरून झालेले होते, ते तसेच ठेवून दिवस काढता येत नाही, म्हणून दीड तासात सगळं रिकामं करायचं ठरलं. घराघरांतून माणसं, शेळ्या, गॅसच्या टाक्या, एक पाळणा, एका आजीबाईंची खाटेसकट मिरवणूक असं सगळं शाळेच्या मैदानावर गेलं. आदल्या दिवशी शांतपणे यादी करून व्हायचं काम घाईत झालं. प्रत्येक दार वाजवलं, काही मी स्वतः वाजवली. सगळं झालं असं वाटलं.

एक वाजायच्या जरा आधी पुन्हा भोंगे सुरू झाले. पहिला आणि दुसरा. आम्ही नव्या दोरीपाशी उभे होतो तेव्हा शेताच्या बाजूने एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आली. तिचं नाव सुगनबाई, हे मला नंतर कळलं. तिने विचारलं की काय चाललंय. कोणी तरी सांगितलं. तिने भारा टाकला आणि दोरीखालून आत जायला निघाली. तिची म्हैस घरामागच्या छपरात बांधलेली होती. घराला कुलूप होतं, आम्ही दार वाजवून पुढे गेलो होतो. मागे छप्पर आहे हे आम्हाला दिसलं नव्हतं.

मी तिला धरलं. जोरात, दोन्ही हातांनी धरलं. ती म्हणत होती की सोडा, दोन मिनिटांत आणते. मी नजरेने इंजिनियरना शोधलं, पण ते भिंतीमागे होते. रामेश्वर पुन्हा झेंडी घेऊन वळला आणि तिसरा भोंगा झाला.

आवाज वाटला होता तेवढा मोठा नव्हता. धुराड्याने बुंध्याशी गुडघे टेकले आणि ते ठरल्याप्रमाणे पूर्वेला कललं. पण तडा होता तिथून त्याचा वरचा तुकडा सुटला आणि उलट बाजूला, गल्लीवर आला. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. ज्या ओट्यावर मिरच्या वाळत होत्या तो ओटा राहिला नव्हता. त्याच्या मागच्या घराचा पत्रा जमिनीला लागला होता. आणि त्याच्या पलीकडे, विटांच्या ढिगाखाली, सुगनबाईचं छप्पर होतं.

माणूस एकही दुखावला नाही. सगळे मला तेच सांगत होते. मुलींची आई येऊन माझ्या पाया पडली आणि मला पाय कुठे लपवू असं झालं. सुगनबाई विटांमध्ये बसली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात छोटी बातमी आली. सावधगिरी म्हणून ऐंशी मीटरच्या परिधीतली घरं रिकामी करण्यात आली होती, असं तिच्यात लिहिलं होतं.

चौकशी झाली. एजन्सीचं म्हणणं असं तयार होत होतं की कमी शिकलेल्या सुपरवायझरने सूचनेचा चुकीचा अर्थ लावला. मला फोन आला की मॅडम, तुम्ही यात पडू नका, तुमचं नाव कुठेही येणार नाही. मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला विचार करावाच लागला नाही. मी तीन ओळींचं निवेदन लिहिलं. कागदावर जो शब्द होता त्याचा रामेश्वरने अचूक अर्थ लावला आणि अचूक अंमल केला. शब्द चुकीचा होता. तो मी लिहिला. चौकशी अधिकाऱ्यांनी ते वाचून विचारलं की असं तर सगळेच लिहितात, तुम्ही का एवढं मनाला लावून घेता. मी म्हणाले की सगळ्यांनी सही केलेली नाही.

रामेश्वरची नोकरी राहिली. एजन्सीने मला पुन्हा काम दिलं नाही आणि त्यांचं बघून आणखी दोघांनी दिलं नाही. तेव्हापासून मी वर्तुळाचा कुठलाही शब्द लिहीत नाही. 'यहाँ से हर तरफ़ इतने मीटर' असं लिहिते. त्रिज्या हा शब्द मला फार आवडतो, पण तो आता मी फक्त बोलण्यात वापरते. इंग्रजीतल्या रेडियसचं मूळ मी नंतर शोधलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चाकाचा आरा. शास्त्रीबुवा तोवर गेले होते, नाही तर त्यांना सांगितलं असतं.

दीडेक महिन्याने मी एकटीच बसने सुगनबाईकडे गेले. तिला भरपाई मिळणार होती, अर्ज फिरत होता. ती घरीच होती, दारात गोवऱ्या रचत होती. तिला मी आठवत होते, हात धरणारी बाई म्हणून. तिला वाटलं मी अर्जाचं काही सांगायला आले. मी म्हणाले की नाही, दुसरंच सांगायचंय. मग मी तिथेच मातीत काडीने वर्तुळ काढलं. हे कडेचं माप, हे मधलं माप. लिहायचं हे होतं, लिहिलं ते. शब्द बदलायला इंजिनियरने सांगितलं होतं हे मी तिला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तमारे दूर लिखनो थो, ने तमने पास लिखी दियो।"

मी हो म्हणाले.

ती उठून आत गेली. मला वाटलं आता येणार नाही, निघावं. पण ती दोन कप घेऊन आली आणि एक माझ्यापुढे ठेवला. तिने माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. चहा कोरा होता. घरात दूध नव्हतं. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.